ड्यूटीची बुगडी

नभाचे डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. पाय माझ्या पोटावर, डोळे घट्ट मिटलेले, आणि सरबत्ती सुरू. आई, पंखा दमला का? आई, चिमणीने दात घासले का? आई, मी आज पण नभाच आहे का?

मी सगळ्याची उत्तरं द्यायचे. पंखा दमत नाही. चिमणीला दात नसतात. हो, आज पण तू नभाच आहेस. एकही प्रश्न मी कधी टाळला नाही, की वैतागून 'गप बस गं जरा' म्हटलं नाही. शेजारपाजारच्या बायका माझ्या सासूबाईंना म्हणायच्या, तुमची ऋजुता म्हणजे कमाल आहे बाई, अडीच वर्षांचं पोर दिवसभर डोकं खातं आणि हिच्या कपाळाला आठी म्हणून नाही.

आठी नव्हती हे खरंच. हसूही नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एकदा मी मटकी भिजत घातली होती. नभा स्टुलावर चढून पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, मटकी पोहतेय, तिला थंडी वाजेल. मग धावत जाऊन आपलं झबलं घेऊन आली आणि पातेल्यावर पांघरलं. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मी झबलं उचललं, पिळलं, दोरीवर टाकलं आणि नभाला सांगितलं की मटकीला थंडी वाजत नाही. हे गमतीचं आहे हे मला कळत होतं. दुपारचे दोन वाजलेत हे जसं कळतं, तसं कळत होतं.

मी साताऱ्यात एका मदतकेंद्रात कॉल घ्यायचे. घाटात गाडी कोसळली, कुणाच्या छातीत कळ आली, कुणी विहिरीत पडलं, की माणसं आम्हाला फोन करतात आणि आधी काय करतात, तर किंचाळतात. त्या किंचाळणाऱ्या माणसाकडून पत्ता काढायचा, ॲम्ब्युलन्स सोडायची, आणि ती पोचेपर्यंत त्यालाच कामाला लावायचं, हे आमचं काम. त्यासाठी यंत्रं बसवून झाली होती. पण यंत्राचा आवाज ऐकला की माणसं फोन ठेवून द्यायची, नाहीतर आणखीच किंचाळायची. म्हणून तिथे माणूसच लागायचा, आणि माणूस दोन-तीन वर्षांत कामातून जायचा. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणारी बाई घरी कुकरची शिट्टी झाली तरी कान झाकून खाली बसायची म्हणे.

मलाही बाळंतपणाच्या रजेवरून परत गेल्यावर तसंच व्हायला लागलं. एका बाईचं बाळ टबात बुडालं होतं. तिचा आवाज मी घरी घेऊन आले. नभाला आंघोळ घालताना माझे हात इतके थरथरायला लागले, की सासूबाईंनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला आणि पुढे कितीतरी दिवस त्याच तिला न्हाऊ घालायच्या.

मग बुगडी आली.

त्यामागचं शास्त्र आम्हाला ती बसवायला आलेल्या इंजिनिअरने, तहसीन मुजावर मॅडमनी, चहा पिता पिता सांगितलं होतं. आपण साधं बोलतो तेव्हा आवाज सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होतो. किंकाळीत तो पन्नास, शंभर वेळा थरथरतो. कानाला ती खरखर लागते. कुठल्याही देशातली किंकाळी घ्या नाहीतर तान्ह्या बाळाचं रडणं घ्या, खरखर तीच. शब्द कळायच्या आधी ती मेंदूतल्या बदामाएवढ्या एका भागाला जाऊन भिडते. छाती धडधडते, तळहात ओले होतात, माणूस धावत सुटतो. माणसाची पिल्लं आजवर जगली ती या खरखरीच्या जोरावर, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

बुगडी ती खरखर ओळखायची. पार हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारा एक मोठा मज्जातंतू आहे, त्याची बारीकशी फांदी कानाच्या वरच्या खळग्यात येते. खरखर आली की बुगडी तिथे मुंगी चावल्याएवढाही नाही असा विजेचा स्पर्श करायची, आणि शरीराला निरोप जायचा की काही झालेलं नाही, सगळं ठीक आहे. शब्द सगळे ऐकू यायचे, पत्ता नीट कळायचा, फक्त छाती धडधडायची नाही. आणि रोज रोज असं झालं की मेंदू स्वतःच शिकायचा, या आवाजाला घाबरायचं कारण नाही. म्हणून नियम एकच होता. शिफ्ट संपली की बुगडी काढून आपल्या खुंटीला लावायची. घरचे आवाज मोकळ्या कानांनी ऐकले, की दिवसभरात शिकलेलं पुसलं जातं.

आधी कंपनीने काळ्या प्लॅस्टिकचं काहीतरी दिलं होतं, कानाला गोचीड लागल्यासारखं दिसायचं. आमच्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, बुगडीच करा की. कानाच्या वरच्या पाळीवर मोत्यांची बुगडी, आणि करामत सगळी मागच्या फिरकीत. पुरुषांना भिकबाळी.

पहिल्याच आठवड्यात एका माणसाने घाटातून फोन केला. बायको जीपमध्ये बाळंत होत होती. भेंडी कशी चिरायची ते सांगावं, तसं मी त्याला सगळं सांगितलं. बाळ आणि आई सुखरूप. मी डबा खाल्ला. संध्याकाळी घरी येऊन नभाला आंघोळ घातली आणि हात थरथरले नाहीत. बुगडीला मी नावं ठेवणार नाही. चूक तिची नव्हती.

चूक झाली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. घरात बायका जमायच्या होत्या, मी शिफ्टवरून धावतपळत निघाले आणि बुगडी काढायची राहिली. काळी साडी, अंबाडा आणि कानाला मोती. बायका बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मोकळ्या कानांनी आले, तर सासूबाई म्हणाल्या, काल कशी लक्ष्मीसारखी दिसत होतीस, आणि आज हे बुच्चे कान. आपल्या घरात सुना बुच्च्या कानांनी वावरत नाहीत. मी म्हटलं, आई, ती ड्यूटीची आहे. त्या म्हणाल्या, दागिना तो दागिना, घरात कुठे तुझे फोन येणार आहेत?

मलाही ते पटलं. हेडसेट नाही, कॉल नाही, तर ती घरात करणार काय? खरं सांगायचं तर सासूबाईंनी माझं असं तोंडभरून कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच केलं होतं. मी बुगडी घालून यायला लागले. झोपतानाच काय ती काढून उशाशी ठेवायचे.

केंद्रात जिल्हाभरचे आवाज यायचे, प्रत्येक वेगळा, आणि एकदाच येणारा. घरात आवाज एकच होता, आणि तो थांबत नव्हता. बुगडीने नभाला पाठ करून टाकलं. तिचं रडणं, तिचं हट्ट करणं, आणि आनंदाने ओरडणंही, कारण लहान मुलं खिदळतात तेव्हाही त्यात तीच खरखर असते. हे सगळं एकेक करून माझ्यापर्यंत पोचायचं बंद झालं. शब्द तेवढे पोचायचे.

मोठ्यांना हे कळलं नाही. नभाला कळलं.

एकदा केंद्रात घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा तिने मला काम करताना काचेपलीकडून पाहिलं. घरी आल्यावर मूठ कानाला लावून म्हणाली, हॅलो, मदतबाई? बाहुली पडली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, घाबरू नका, पत्ता सांगा, शुद्धीवर आहे का? श्वास चालू आहे का? हातातलं काम सोडून मी तिच्याकडे वळलेही, कारण कॉल आला की वळायचं हे हाडामांसात गेलेलं. नभा एवढ्याशा पायांनी नाचायला लागली. त्यानंतर घरात रोज कुणीतरी पडायचं, बुडायचं, कोसळायचं. अस्वल, चमचा, आजीचा चष्मा. श्वास चालू आहे का हे मी विचारायच्या आधीच ती सांगायची. निनाद, माझा नवरा, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असतो, आठवड्याला एकदा घरी येतो. त्याने या खेळाचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सगळे म्हणाले, आईवर गेलीय.

उन्हाळ्यातला रविवार होता. सासूबाई गच्चीवर सांडगे घालायला गेल्या होत्या, नभा गॅलरीत, मी पोळ्या करत होते. गॅलरीचं सरकतं दार ओढल्याचा आवाज आला आणि नभा किंचाळली.

ती किंचाळली हे मला ऐकू आलं. तव्यावरची पोळी फुगत होती. मी ती उलटली, काढली, तूप लावलं. गॅस बंद केला, हात धुतले, पुसले. मी मुद्दाम वेळ काढत नव्हते. मला घाई नव्हती, एवढंच. किंचाळणं बराच वेळ चाललं असेल. मग ते थांबलं, आणि गॅलरीतून नभाचा खेळातला, मोठ्या माणसासारखा आवाज आला.

"हॅलो, मदतबाई? नभाचं बोट दारात अडकलंय. लाल लाल आलंय. शुद्धीवर आहे. श्वास चालू आहे. पत्ता गॅलरी."

त्या वाक्याला मी धावले. किंकाळीला नाही, त्या वाक्याला.

उजवा हात दाराच्या फटीत, डावी मूठ कानाला. गाल ओले होते, पण चेहरा अगदी शांत होता. तो चेहरा मी रोज आरशात बघत होते. मी दार मागे ढकललं, बोट सोडवलं, पाण्याखाली धरलं. हाड मोडलं नव्हतं, कातडी सोलवटली होती. मी एकही हालचाल चुकीची केली नाही. नभा माझ्याकडे बघत होती आणि मला सांगत होती, घाबरू नका.

तेवढ्यात सासूबाई आल्या, पिठाच्या हातांनी, धापा टाकत. नभाने त्यांना पाहिलं आणि हंबरडा फोडला, त्यांच्या गळ्यात पडली. तिला थोपटत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला गच्चीवर ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "मी दोन जिने उतरून आले. आणि तू तर स्वयंपाकघरातच होतीस गं."

मी म्हटलं, आई, माझ्या बुगडीची फिरकी सोडवा.

मुजावर मॅडमनी दुसऱ्या दिवशी मला नभाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि माझी नाडी बघितली. ती हललीच नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं ऐकवलं तर थोडी हलली. मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाल्या, हे पुसलं जाईल, पण औषधाने नाही. मुलीचा आवाज मोकळ्या कानांनी ऐकावा लागेल, आणि तोही रेकॉर्डिंगवर नाही, समोर. रडणं, ओरडणं, सगळं. जितकं ऐकाल तितकं बरं. फार उशीर केलात तर मात्र मी काही सांगू शकत नाही.

बुगडीशिवाय कॉल घेता येत नाही, तसा नियमच आहे. मी ॲम्ब्युलन्सच्या टायर-बॅटऱ्यांच्या डेस्कवर बदली मागून घेतली. सासूबाईंनी मोती असलेलं घरातलं सगळं काही, स्वतःच्या कुड्यांसकट, कपाटात कोंबलं. आपल्यामुळे झालं, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. मी नाही नाही म्हटलं, पण माझ्या आवाजात काही नव्हतंच, तर त्यांना पटणार कसं?

एवढं सगळं करून पंचाईत वेगळीच झाली. नभा माझ्यासमोर रडेनाशी झाली होती.

बोलायची भरपूर. आई, कांद्याला आई असते का? आई, सावली कुठे झोपते? पण रस्त्यात पडली, गुडघा फुटला, की उठून उभी राहायची, माझ्याकडे बघायची, आणि मूठ कानाला. हॅलो, नभा पडली. निनाद घरी आला की बिस्किट मोडलं म्हणूनही भोकाड पसरायची. मी दाराआड उभी राहून ते चोरून ऐकायचे. कानात कापूस कोंबल्यासारखं सगळं मऊ लागायचं. तिथून पुढे काही जायचं नाही.

खेळ बंद केला तर ती रडेल, असं मला वाटलं. एकदा तिचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, नभा, इथे मदतबाई नाही, आई आहे.  तिने मूठ खाली घेतली, 'फोन लागत नाही' म्हणाली आणि आजीकडे गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं, त्याचीच मला भीती बसली. आणि ती भीतीसुद्धा डोक्यातच होती.

दिवाळीच्या आधी सासूबाईंनी घाबरत घाबरत विषय काढला. नभाचे कान टोचायचे राहिले होते. बाराव्या दिवशी तिला कावीळ होती, पुढे निनाद म्हणाला मोठी झाल्यावर ती ठरवेल, आणि ते तसंच राहून गेलं. बुच्चे कान हा शब्द त्यांनी या वेळी तोंडातून काढला नाही. तू नाही म्हणालीस तर नाही, म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. निनादलाही वाटलं, म्हणाला, तुला तर कानातल्या वस्तूचा तिटकारा यायला हवा.

मला ती रडलेली ऐकायची होती. कुणीतरी माझ्या मुलीला माझ्यासमोर टोचावं आणि तिने रडावं, म्हणून मी तिला घेऊन चालले होते. हे मी कुणाला सांगणार?

पोतदार काकांचं दुकान आमच्या घरापासून पायी जाण्याएवढं. मोठ्या दुकानांत मशीन आहे, काका अजून सोन्याच्या तारेने टोचतात. भाचीला मामाच्या मांडीवर बसवतात, मला भाऊ नाही, म्हणून नभा आजीच्या मांडीवर बसली. काकांच्या मिशीला कोण पाणी घालतं, हे विचारून झालं. तारेचं नाव काय, ते विचारून झालं. काकांनी तिच्या हातात गूळ-खोबरं दिलं, पाळीला कुंकवाचा ठिपका लावला, आणि बोलता बोलता उजवा कान टोचून वाकडी तार वळवलीसुद्धा.

नभा ताठ झाली. डोळे भरले. दुकानातली सगळी माणसं एकदम म्हणायला लागली, रडायचं नाही हं, शूर मुलगी आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरत होते, पण गूळ टाकून डावी मूठ डाव्या कानाकडे निघाली होती.

"हॅलो," ती म्हणाली. "नभाच्या कानाला..."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि ती मूठ धरून सोडवली.

"फोन नको, नभा. रड. मोठ्याने रड. मी ऐकतेय."

काका हातात तार धरून थांबले. सासूबाईंनी त्यांना मानेनेच खूण केली. डावा कान टोचला गेला, आणि नभा रडली.

आधी ते नेहमीसारखंच मऊ लागलं. मग मानेवर काहीतरी गार सरकलं. तळहात ओले झाले. ती तार काकांच्या हातातून हिसकावून रस्त्यात फेकून द्यावी असं मला वाटलं. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ते थांबावं असं वाटत होतं आणि थांबू नये असंही वाटत होतं. मी हात पुढे केले. नभाने तोंड आजीच्या मानेत लपवलं आणि तिथेच रडली, माझ्याकडे आली नाही. मी ओले तळहात साडीला पुसले.

परत येताना ती आजीच्या खांद्यावर होती, मी पिशवी घेऊन चार पावलं मागे. हुंदके देत देत तिचं बोलणं सुरू झालं होतं. कानाला आता भूक लागेल का? काका रात्री मिशी काढून ठेवतात का? आजी हं हं करत होती. बोलता बोलता नभाने खांद्यावरून मागे पाहिलं आणि मी दिसल्यावर गप्प झाली. सवयीने मूठ कानाकडे गेली. कान दुखला, तशी तिने ती झटकन काढली. दुसऱ्या कानाला लावून पाहिली. तोही दुखला. ती थोडा वेळ आपल्या मुठीकडे बघत राहिली आणि मग तिने ती सोडून दिली.

"आई," ती म्हणाली, "दुखतंय."

तिचा खालचा ओठ पुढे आला. रडू अजून फुटायचं होतं. मी पिशवी रस्त्यातच टाकली आणि धावले.